विनातिकीट खिडक्या

गणपतराव हसुरकरांच्या कार्डावर एकूण नऊ ओळी होत्या. पहिलीत नाव. दुसरीत ‘खासगी गुप्त तपासनीस’, त्यातला ‘गुप्त’ लाल शाईत, लांबून दिसावा म्हणून. तिसरीत ‘मान बघून माणूस ओळखणार’. चौथीत ‘एस.टी. तपासणी पथकात एकतीस वर्षं’. पाचवीत ‘कोल्हापूर, सांगली, बेळगाव व सर्व थांबे’. सहावीत ‘लग्नाआधीची चौकशी, हरवलेली जनावरं, भाडेकरू’. सातवीत पत्ता, आठवीत फोन नंबर, आणि नववीत ‘सहायक : कु. अनुजा हसुरकर, बी.एस्सी., पदार्थविज्ञान’.

नवांपैकी पडताळून पाहता येतील अशा ओळी चार होत्या. नववी अनुजाला कार्ड छापून आल्यावरच कळली.

“त्यात इचारायचं काय?” गणपतराव म्हणाले होते. “सायन्सवाली पुतणी घरात असताना बाहेरचा माणूस ठेवू व्हय? शिवाय कार्डावर एका वळीची जागा शिल्लक ऱ्हायलीती.”

गणपतराव म्हणजे अनुजाच्या वडिलांचे चुलत भाऊ. एकतीस वर्षं त्यांनी रस्त्यात गाड्या थांबवून विनातिकीट प्रवासी उतरवले. निवृत्तीनंतर थांबवायला गाडी उरली नाही, म्हणून ते गुन्हेगारीकडे वळले. आतापर्यंत दोन प्रकरणं त्यांच्या नावावर होती. पहिल्यात हरवलेली म्हैस संध्याकाळी आपली आपण घरी आली. दुसऱ्यात शेजारच्या अण्णासोंची चोरीला गेलेली छत्री सापडली. ती गणपतरावांच्याच खुंटीला होती, त्यामुळे तपास फार लांबला नाही.

तिसरं प्रकरण गुरुवारी, नऊ जून २००५ रोजी दुपारी दोन वाजता, मंगळवार पेठेत अनुजाच्याच घरी उभं राहिलं.

दिवाणखान्याच्या भिंतीला जिथं कॅलेंडर होतं, तिथंच वर्षापूर्वी संगणकाचं टेबल बसवलं होतं. कॅलेंडर काढायचं कुणाच्या मनात आलं नाही. मॉनिटरच्या डोक्यावर अंबाबाईचं चित्र तेवढं दिसायचं, तारखा सगळ्या मागं. त्या मॉनिटरच्या पडद्यावर आत्ता पाच खिडक्या एकीवर एक उघडल्या होत्या. पहिली संगणकाच्या रखवालदार प्रोग्रामची: तुमची विषाणूंची यादी १५२ दिवस जुनी आहे, ताबडतोब अद्ययावत करा. दुसरीही त्याचीच: तुमच्या परवान्याची मुदत संपली, नवा घ्या. तिसरी मूळ प्रणालीची: पाच महिन्यांत सुधारणा तपासलेल्या नाहीत, आता तपासू का? चौथी म्हणत होती, या संकेतस्थळाच्या दाखल्याची तारीख उलटून गेली आहे. पाचवी लाल होती आणि लुकलुकत होती: सावधान! तुमच्या संगणकात ३१२ विषाणू सापडले आहेत. मोफत तपासणीसाठी इथं दाबा.

अनुजाला या पाचांशी कर्तव्य नव्हतं. तिला सहावी हवी होती. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत दोन वर्षांचं प्रशिक्षण होतं, राहण्याजेवणासकट, आणि अर्ज फक्त संस्थेच्या संकेतस्थळावरून घेत होते. शेवटची मुदत आज पाच वाजता. सोबत प्रकल्पाचा अहवाल जोडायचा होता. अनुजाचा प्रकल्प काकवीवर होता: तापमान वाढलं की काकवी किती पातळ होते, याचे एकवीस आलेख. त्यासाठी तिनं बिद्रीकडच्या मामाच्या गुऱ्हाळावर सगळा हंगाम घालवला होता आणि दोन्ही वेण्या चिकट करून घेतल्या होत्या. काल संस्थेचं माहितीचं पान व्यवस्थित उघडलं होतं, अर्जापर्यंत ती गेली नव्हती. आज चौथ्या खिडकीला ‘तरीही पुढे जा’ सांगून ती आत गेली, तर तिथं एकच ओळ होती: अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे.

दुपारी दोन वाजता.

तिनं इंटरनेट तोडलं, त्याच तारेवरून बंगळूरला एसटीडी लावला. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, कोण म्हणतं संपली? पाचपर्यंत आहे. सकाळपासून चाळीस आलेत.

म्हणजे चाळिसांना उघडलं आणि एकीला नाही. अनुजानं अहवाल फ्लॉपीवर घेतला आणि कोपऱ्यावरच्या नेटकॅफेकडे निघाली. दारातच गणपतराव आडवे आले.

“कुटं?”

“कॅफेत, काका. इथं साईट चालेना झालीय.”

“उपेग न्हाय. सकाळीच मी पेठेतल्या तिन्ही कॅफेत जाऊन सांगून आलोय. हसुरकरांच्या घरची फ्लॉपी आत घ्याची न्हाय, विषारी हाय. एकानं तर पाटीच लावली.”

“काका! कुणी सांगितलं तुम्हाला हे?”

“तूच की. काल म्हणालीस, यंत्र काय बी बोलालंय. मग रोग पसरू द्याचा व्हय? तपासाचा पयला नियम: दोन्ही दारं बंद.”

ते आत आले, चपला काढल्या, चष्मा पुसला आणि पडद्यासमोर असे उभे राहिले की जणू गाडी घाटात थांबवली आहे आणि आत पन्नास माणसं श्वास रोखून बसली आहेत.

“पाच जण,” ते म्हणाले. “पाचीच्या पाची विनातिकीट.”

“कशावरून?”

“एकतीस वर्षं, पोरी. जो न मागता तिकीट दाखवतो त्याच्याकडं तिकीट नसतंय. चंदगड गाडीत एक पावणं रोज मला बघितलं की खिशाला हात घालायचं. सहा महिने घालतच ऱ्हायलं, काडलं कायच न्हाय. ही बी तसलीच. आपण बोलावलंय ह्यांस्नी? आपल्या भल्यासाठी आलोय म्हणत्यात. भल्यासाठी येणारा माणूस कडी वाजवून येतोय.”

अनुजाला हा नियम तसा वाईट वाटला नाही. न बोलावता आलेल्या खिडकीवर दाबू नये, एवढं तिलाही कळत होतं. ती म्हणाली, “मला पण पहिलीचा संशय आहे. यादी मी परवाच नवी करून घेतली, पाऊण तास फोन अडवून. ती सात जूनची आहे. आणि ही म्हणते १५२ दिवस जुनी.”

“खोटं तिकीट!”

“गंमत पुढं आहे. परवा यादी घेऊन उठले, तोच म्हणाली २६ दिवस जुनी. काल म्हणाली ५०. आज १५२.”

गणपतरावांनी तीन आकडे कागदावर मांडायला सांगितले. अनुजानं आलेख काढला. तीन बिंदू होते आणि रेघ वरवर वाकडी होत जात होती.

“ह्याचा अर्थ उघड हाय,” गणपतराव म्हणाले. “यंत्राला वयाचा रोग झालाय. ह्या चालीनं आयतवारपतोर ते मरतंय.”

“काका, तीन बिंदूंवरून असं...”

“मग चौथा मरणाचा धर.”

कोपऱ्यात पाटावर बसून आक्का मसूर निवडत होत्या. आक्का म्हणजे अनुजाच्या वडिलांची, हंबीररावांची, थोरली बहीण. अनुजाची आई आठवड्यासाठी माहेरी गेल्यामुळं सध्या घर त्यांच्या ताब्यात होतं. त्यांनी मान वर न करता विचारलं, “गणपा, च्या घेणार का मरणाचंच बघणार?”

“आक्का, तपास चाललाय.”

“मग साखर कमी घालते.”

चहा येईपर्यंत पहिला सिद्धांत तयार झाला. चोर फोनच्या तारेतून येतो. तार अण्णासोंच्या गच्चीवरून येते. अण्णासो गच्चीत कबुतरं पाळतात. कबुतरं तारेवर बसतात. “आता सांग, एवढ्या गच्च्या असताना त्याच तारेवर का बसत्यात?” गणपतरावांनी विचारलं आणि अण्णासोंच्या घराकडे असं बघितलं की त्या दिवसापासून दोन घरांमध्ये वाटीनं साखर जाणं बंद झालं असतं, पण अण्णासो त्या वेळी झोपले होते.

अनुजानं वाद घातला नाही. तिनं तार काढली.

“हे काय?”

“प्रयोग. तार काढून संगणक पुन्हा चालू करायचा. ज्या खिडक्या तारेतून येतात त्या येणार नाहीत.”

संगणक बंद झाला, चालू झाला. तीन मिनिटांत पहिल्या तिन्ही खिडक्या परत हजर. चौथी आणि पाचवी आल्या नाहीत.

“म्हणजे तिघं घरातलीच आहेत,” अनुजा म्हणाली. “अण्णासोकाका सुटले.”

“जामिनावर,” गणपतराव म्हणाले आणि लगेच दुसऱ्या सिद्धांतावर गेले. “रखवालदारच चोर! कंडक्टरनंच तिकिटं खाल्ली तर चेकरनं बघायचं कुणाकडं? ही दुसरी खिडकी बघ. परवाना संपला, नवा घ्या. हप्ता मागालाय त्यो. कधी घेतलाता परवाना?”

“एक वर्षाचा. गेल्या नोव्हेंबरच्या एक तारखेला.”

“मग संपला कसा? अजून पाच म्हैनं हायत!”

काल रात्रीपर्यंत हा परवाना सुखरूप होता. तिनं वहीच्या पाठीमागं लिहिलं: यादी, परवाना, सुधारणा, दाखला, अर्ज. पाच वेगवेगळ्या जागा, एकमेकींशी ओळखपाळख नाही, आणि पाचही जणी एकच सांगतात की उशीर झाला. इतक्या साक्षीदारांनी एकच खोटं बोलायचं ठरवलं असेल, तर त्यांची बैठक झाली कुठं? ती पेन्सिल चावत बसली. साडेतीन वाजले होते. मनगटावरच्या घड्याळात साडेतीन, पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळातही साडेतीन, आणि दोन्ही जुळतात हे तिनं दोनदा पाहिलं.

एवढ्यात गणपतरावांनी तार पुन्हा जोडली होती. मोडेम किंचाळला, संस्थेचं पान पुन्हा नाही म्हणालं, आणि लाल खिडकी पुन्हा लुकलुकायला लागली. गणपतराव वाकले. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

“अनू, हे बघ. ह्यो आपला माणूस हाय.”

“कुठला?”

“वाच की. मोफत तपासणी. तपासणी! चेकर हाय त्यो. आपल्या खात्याचा. बाकीच्या चौघांनी नुसतं दिवस मोजलं, ह्यानं गाडीत चढून माणसं मोजली. तीनशे बारा! बावन्न सीटच्या गाडीत तीनशे बारा धरायचं म्हंजे काय चेष्टा न्हवं.” त्यांचं बोट माऊसवर आलं. “ह्याच्याशी जरा बोलून घेतो.”

अनुजानं एका हातानं फोनची तार उपटली, दुसऱ्या हातानं काकांचं मनगट धरलं.

“काका, हाच विनातिकीट आहे. संगणकाच्या आत किती विषाणू आहेत ते बाहेरच्या पानाला आधीच कसं कळलं? तपासणी तर अजून करायचीय म्हणतोय.”

गणपतरावांनी थोडा विचार केला. “गाडी थांबवायच्या आधीच आकडा लिहिलाय म्हणतीस?”

“होय.”

“असं एकजण करायचा,” ते पडेल आवाजात म्हणाले. “नाव सांगत न्हाय.”

तिनं ती खिडकी कीबोर्डवरून बंद केली. तिच्या कोपऱ्यातली फुली तिनं दाबली नाही. जिचा सगळा देहच खोटा तिची फुली खरी कशावरून?

चार वाजले. अनुजानं वही मिटली. गणपतरावांनी तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांना या प्रकरणात अशील कोण आहे ते कळलं.

“एवढं महत्त्वाचं हाय व्हय, ते बंगळूर?”

“एकवीस आलेख आहेत, काका. दुसरीकडं कुठं काकवी कोण बघणार आहे?”

गणपतरावांनी घसा खाकरला. आता शेवटचा उपाय: घरातल्या प्रत्येकाची जबानी. घरात त्यांच्याशिवाय दोघीच होत्या आणि त्यातली एक सहायक होती, म्हणून ते आक्कांसमोर जाऊन उभे राहिले.

“आक्का, ह्या खोलीत गेल्या तीन आठवड्यांत कोण संशयास्पद माणूस येऊन गेला?”

“तू.”

“माझ्याशिवाय.”

“मग कोण न्हाय.”

“ह्या यंत्राला कोण कोण शिवलं?”

“अनू शिवती. तू शिवालायस, नगं म्हणलं तरी. आन् हंबीर रोज शिवतोय की.”

अनुजानं मान वळवली. “बाबा? बाबांना तर संगणक लावता पण येत नाही.”

“लावून तू दूध आणाय जातीस तवा बसतोय त्यो. लई न्हाय, च्या संपस्तोवर. मटणाचा वार बघतोय.”

“कशाचा वार?” गणपतरावांनी विचारलं.

“मटणाचा! शिरोळच्या पावण्यास्नी जेवाय बोलवायचं न्हाय का? ते रोज फोनवर नवी तारीख सांगत्यात. ह्यो बघतोय, त्या दिवशी वार कंचा. कॅलेंडर ह्या पेटीच्या मागं घातलंयसा, मग माणसानं बघायचं कशात? ती कोपऱ्यातली टिकटिक हाय न्हवं, तिच्यावर दोनदा मारलं की अख्खं कॅलेंडर उघडतंय म्हणं. मला बी दावलं त्यानं.”

अनुजानं माऊसचा बाण पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर नेला आणि तसाच धरून ठेवला. दुपारभर तिनं तिथं फक्त वेळ पाहिली होती. बाणाजवळ लहानशी पिवळी पट्टी उमटली.

रविवार, ६ नोव्हेंबर २००५.

“आज गुरुवार आहे,” ती हळूच म्हणाली.

“ते मला ठावं हाय, उपास हाय माजा,” आक्का म्हणाल्या.

त्याच वेळी दारात मोटरसायकल थांबली. उद्यमनगरातला लेथचा कारखाना तासभर माणसांवर सोडून हंबीरराव चहाला आले होते. आत येऊन बघतात तर मुलगी, बहीण आणि भाऊ तिघंही त्यांच्याकडेच बघत होते.

“काय झालं? कोण गेलं का काय?”

“हंबीर,” गणपतराव म्हणाले, आणि एकतीस वर्षांचा सगळा अनुभव आवाजात आणला, “तू ह्या घड्याळात काय केलंस ते करून दाव.”

हंबीररावांना त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. उलट कुणीतरी विचारलं याचाच आनंद झाला. खुर्ची ओढून ते बसले. “सोपं हाय. हितं दोनदा मारायचं. ह्यो म्हैना, ह्यो दिवस. समजा पावणं म्हणालं तीन जुलै. बघायचं. आला आयतवार. झकास. ओके. मग त्यांच्याकडं शेताला पाणी सोडायची पाळी आली, म्हणालं सत्तावीस. बघितलं. बुधवार. ओके. ते बी रद्द झालं. मग पुढं सरावण, गणपती, पितर, नवरात्र, सगळंच अडकलं. आज सकाळी म्हणालं दिवाळी झाल्या झाल्या, सहा नोव्हेंबर. बघितलं तर आयतवार! ओके मारलं आन् कामाला गेलो.”

“बाबा,” अनुजा म्हणाली, “दरवेळी ओकेच दाबता?”

“छ्या! सोमवार महादेवाचा, मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचा, गुरुवार दत्ताचा, शनवार मारुतीचा. त्यातला कुठला निघाला की कॅन्सल.”

“आणि बुधवार-रविवार निघाला की ओके.”

“मग? वार चांगला आला तरी कॅन्सल मारू व्हय? शकुन-अपशकुन काय हाय का न्हाय?”

अनुजानं डोळे मिटले. तिच्या डोक्यात सगळे आकडे एकेक करून जागेवर जाऊन बसले. ओके म्हटलं की संगणक तीच तारीख आजची धरून चालत होता. सात जूनपासून तीन जुलै, सव्वीस दिवस. सत्तावीस जुलै, पन्नास. सहा नोव्हेंबर, एकशेबावन्न. परवाना एक नोव्हेंबरला संपतो, तो या संगणकापुरता खरोखरच संपला होता. बंगळूरचं पान मुदत तपासताना तारीख समोरच्या संगणकाला विचारत होतं, आणि तो मटणाच्या पंगतीला जाऊन बसला होता. चारही खिडक्या अक्षरशः खरं बोलत होत्या. तिनं दुपारभर जे जे मोजलं, ते त्याच घड्याळावर भरवसा ठेवून.

“म्हंजे गुन्हेगार घरातलाच,” गणपतराव म्हणाले. “मी म्हणालोच हुतो.”

“तू समद्यांचीच नावं घेतलीस,” आक्का म्हणाल्या.

“म्हणूनच तर त्यात ह्याचं आलं!”

चार वाजून तीस मिनिटं झाली होती. अनुजानं घड्याळाची खिडकी उघडली, नऊ जून निवडलं आणि ओके दाबलं. नकाराचा शकुन असलेला गुरुवार आला म्हणून हंबीररावांनी सवयीनं ‘अरारा’ केलं. रखवालदार शांत झाला. परवाना परत जिवंत झाला. तार जोडली, मोडेम किंचाळला, आणि संस्थेच्या पानावर अर्जाचे रिकामे रकाने उमटले.

तिनं नाव, पत्ता, गुण भरले. अहवाल जोडून ‘पाठवा’ दाबलं. निळी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकायला लागली.

“जाईपर्यंत फोन कुणी उचलायचा नाही,” ती म्हणाली. “उचलला की तुटतं.”

“पण शिरोळला कळवाय पायजे की,” हंबीरराव फोनकडे निघाले. “म्हंजे, यंत्रातली तारीख बदलली. आता जेवण कधी?”

गणपतराव मध्ये आले. दोन्ही हात पसरून, पाय रुंद करून ते फोनसमोर उभे राहिले, गाडीच्या दाराला उभं राहायची सवय असलेला माणूस राहतो तसे.

“मागं सरा.”

“अरं, एकच मिनिट...”

“गाडी सुटलीया. मधी थांबा न्हाय.”

“गणपा, पावणं वाट बघत असतील!”

“बघू द्यात. ह्या गाडीत एकच पॅसेंजर हाय आन् तिच्याकडं तिकीट हाय. ते बंगळूरला उतरंस्तोवर हितं कुणाचा बाप आला तरी चढाय मिळायचं न्हाय.”

हंबीरराव थांबले. आक्कांनी मसुराचं ताट गुडघ्यावरून खाली ठेवलं आणि पाटासकट पुढं सरकून पडद्याकडे बघायला लागल्या. पट्टी अर्ध्यावर आली, अडली, पुन्हा हलली. गच्चीवर अण्णासोंची कबुतरं तारेवरून उडाली, तेव्हा गणपतरावांनी खिडकीतून त्यांच्याकडे एकदाच बघितलं आणि नजर परत फोनवर आणली.

फाईल सहाशे चाळीस किलोबाइटची होती. जायला पाच मिनिटं वीस सेकंद लागली. पोच आली ती नऊ जून २००५, दुपारी चार वाजून त्रेपन्न मिनिटांची. अर्ज क्रमांक ११७.